शिल्लक

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीवाल्याने हात केला,
जागा आहे, ये.
होती ती माझ्या पुढच्या चाकापुरती.
मागचं चाक फळीवर, फळी वर येताना
माझ्या पोटरीला घासून गेली.

दिवाडीत कोमुनिदादीच्या कचेरीत
एस्क्रिव्हांव आवेर्तानबाब माझ्याकडे न बघता म्हणाले,
हे वाच.
पडद्यावर निळी पट्टी, जेमतेम सुरू झालेली:
तीन टेराबाइट रिकामे.
तिच्यावरच चौकट: जागा अपुरी, फाइल जतन झाली नाही.
दोघांतला एक खोटं बोलतो, ते म्हणाले.
एकतीस वर्षं मी इथे हिशेब लिहितो.
असं पान कोणी आणलं असतं
तर त्याला व्हरांड्यात उभं केलं असतं.

कपाटात डबा होता, क्रोशाच्या रुमालाखाली,
दोन हिरवे दिवे, वाळवीच्या औषधाचा वास.

मी म्हटलं, कोणीच खोटं बोलत नाही.
हा संगणक स्वतः काही बघत नाही, बाब,
तो विचारतो.
तारेवरून त्या डब्याला विचारतो, किती उरलं?
आणि डबा सांगतो अख्ख्या भाटाचं.
तुम्ही मुंडकार. तुमचं घर दोन माडांमधे, आखून दिलेलं.
कोणी विचारलं जागा किती,
तर उत्तर येतं पार नदीपर्यंत.
खरंच आहे ते.
पण तिसरा माड लावायला खड्डा खणा,
भाटकाराचा माणूस हजर.

भाटकार त्यांना लगेच समजला.
कोणी आखलं? त्यांनी विचारलं.
माझ्या आधी जो मुलगा यायचा, त्याने. दोनशे जीबी.
फुटबॉल क्लबाच्या चित्रफिती याच डब्यात असतात,
त्या तुमच्यावर चढू नयेत म्हणून
सगळ्यांनाच कुंपण.

पण मी पुसलं होतं की.
अठराशे ब्याण्णवची वही दोनदा स्कॅन झाली, एक काढली.
मी डब्यातलं लपलेलं फोल्डर उघडलं.
वही तिथे होती, पानंच्या पानं,
ओल्या डागांसकट.
त्यांच्या टेबलावर जोणकारांची यादी उघडी होती.
मेलेल्यांच्या नावांवर रेघ मारलेली,
पण प्रत्येक नावाला त्याची ओळ.
मी बोटाने दाखवलं.
ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले, कोणाची होती कोण जाणे.

मग उगाच एक भांडण राहिलं होतं ते काढलं:
बिलावर चार लिहिलंय, इथे तीन पूर्णांक त्रेसष्ट.
उरलेलं दुकानदाराच्या खिशात?
नाही. तो हजाराने मोजतो, यंत्र एक हजार चोवीसने.
त्याचा कुडव सपाट, याचा शिगेचा.
भात तेवढंच.
हे मात्र त्यांना पटलं नाही.
म्हापशाच्या दुकानदाराला ते ओळखून आहेत, म्हणाले.

फोन वाजला. स्विंडनहून आन्सेल्म.
कसो आसा, पाय?
बरें आसा. सगळें बरें आसा.
टेबलाखाली त्यांचा पाय गुडघ्यापासून बांधलेला,
काठी फाइलींच्या मागे सरकवलेली.
ना रे, कित्याक येता? पयशे उडोवं नाका.
मी पडद्याकडे बघत राहिले.

फोल्डर रिकामं केलं, कुंपण पाचशेवर नेलं.
चौकट गेली. फाइल बसली.
पट्टीवर तसेच तीन टेराबाइट, केसभरही न हललेले.
म्हणजे याला काही कळलंच नाही?
आकडा मोठा आहे, मी म्हटलं, यातलं काही दिसायचं नाही.

त्यांनी खणातून नवी वही काढली,
पट्टी ठेवून चार रकाने आखले:
तारीख, वही, एमबी, शिल्लक.
जुन्या हस्ताक्षरात, निबाने,
पहिली ओळ भरत आणली.
शेवटच्या रकान्याशी थांबले,
पेनाचं टोपण लावलं,
आणि आकडा पेन्सिलीने लिहिला.