मिठाचा हात

निवीच्या शाळेचा पहिला दिवस,
म्हणून अख्खं साआत्तुत आमच्या दोन खोल्यांत
पाळीपाळीनं येऊन कॉफी पिऊन गेलं.
दाराशी बुटांचा ढीग, बहिणीनं केलेले सात केक,
आणि जो तो तिला जवळ ओढून म्हणायचा,
तोंड गोड कर, पोरी, तोंड गोड कर.

रात्री तिचं पोट ढोलासारखं ताणलं.
पहाटेपर्यंत चार वेळा उठली, पाय पोटाशी घेऊन पडली.
मेव्हणा म्हणाला, उद्या शाळा नको म्हणून सोंग.
मीही तेच म्हणालो.
हे मी कुठं तरी लिहून ठेवायला हवं होतं,
म्हणून लिहितो: मीही तेच म्हणालो.

पुढच्या आठवड्यात हेलिकॉप्टरनं डॉक्टर आली, आर्नायाराक.
हॅलिबटच्या वजनाची पावती पालथी करून
तिनं तिच्यावर आतडं काढलं.
आतून शेवाळ असतं, म्हणाली, खडकावरचं असतं तसं, ओलं, दाट,
आणि त्या शेवाळाच्या टोकाटोकाला कात्र्या.
चहातली साखर म्हणजे दोघं, एकमेकांना बिलगलेले.
कात्री त्यांना सोडवते.
सोडवल्याशिवाय दोघांनाही दार उघडत नाही.

मग ती दारं.
एकाला म्हणतात ग्लुकोज. तो एकटा येत नाही,
मिठाचा हात धरून आत शिरतो.
(मी तीस वर्षं मीठ ओढत आलोय जाळ्यातून,
मिशांतून, भेगाळल्या बोटांतून;
ते कुणाला हात देत असेल असं वाटलं नव्हतं.)
दुसरा, फळातला, शेजारच्या अरुंद दारानं जातो,
मीठबीठ काही लागत नाही त्याला,
आणि सरळ यकृताकडे वळतो.

यकृत मला माहीत आहे.
नुकत्या मारलेल्या सीलचं, वाफ निघत असलेलं,
बर्फावर उकिडवं बसून खाल्लं की
जिभेच्या कडेला किंचित गोड लागतं.
तीच ती, डॉक्टर म्हणाली,
अडीअडचणीला ठेवलेली साखर.
प्रत्येकाच्या बरगडीखाली एक कोठार असतं,
रात्री आपण झोपलो की
तिथून मेंदूला चिमूट चिमूट जाते.

आणि निवी?

निवीच्या शेवाळाला ती कात्री नाही.
जन्मापासून नाही. इथं बऱ्याच घरांत नाही,
आपल्या आज्यापणज्यांना लागलीच कधी?
दोघं बिलगलेलेच पुढे वाहत जातात,
वाटेत पाणी ओढून घेतात,
खाली जंतूंची पंगत बसते,
वारा धरतो, आणि पोर कळवळते.
सोंग नाही, म्हणाली. पावतीकडे बघत म्हणाली,
माझ्याकडे बघत नाही,
तो तिचा चांगुलपणा.

मग काय खायचं तिनं?
मासा. मांस. ब्रेड जपून, थोडा थोडा.
आणि टेकडीवरच्या काळ्या बेऱ्या, हव्या तितक्या,
त्यांच्यातले दोघं आधीच हात सोडून मोकळे असतात.

सप्टेंबर संपत आला होता, बेऱ्यांवर पहिलं दव गोठलेलं.
आम्ही दोघं गेलो, एक बादली, कुत्रं एकच.
तिनं मुठी भरभरून खाल्ल्या,
दात काळे, हनुवटी काळी, बाहीसुद्धा.
मी त्या रात्री तिच्या पोटावर हात ठेवून जागा राहिलो.
मऊ होतं. बारापर्यंत मऊ, तीनपर्यंत मऊ.

एक सांगायचं राहिलं.
निघताना डॉक्टरनं सहज विचारलं,
तुम्ही कॉफीत साखर घालता?
नाही, म्हटलं, कधीच नाही.
लहानपणी दुकानदार मुलांना साखरेचे खडे वाटायचा,
मी माझे कुत्र्यांना घालायचो.
लोक म्हणायचे, काय मनाचा मोठा पोरगा.
मोठेपणी म्हणायचे, तोंडाचा कडू माणूस.

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
बाहेर हेलिकॉप्टरची पाती फिरू लागली होती,
आणि वडिलांनी एका नाताळात
केकची बशी रिकामी होईस्तोवर
मला टेबलावरून उठू दिलं नव्हतं,
ते मला तिथं, पावती हातात धरून, आठवलं.