गुरुवारच्या चिठ्ठ्या

ओस्टेंडच्या शाळेत हजेरीपट माझ्याकडे असतो.
योरिंडे, अकरावी : दर गुरुवारी पोटदुखी.
गुरुवारी पोहण्याचा तास.
कपडे बदलायच्या खोलीत
तिच्या दोन्ही बाजूंचे बाक रिकामे राहतात,
हे लिहायला चिठ्ठीत रकाना नाही.

मार्कांचं विचारलं की खांदे उडवते,
"शिकून काय करू?"
किनाऱ्याची ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत जाते.
तीही जाते, दप्तर न उघडता.

परवा जीवशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर उदाहरण घातलं :
लीव्ह आणि योके, दोघी आया.
बाळ लीव्हच्या पोटचं.
लीव्हचा रक्तगट ए, योकेचा बी,
तर बाळाचे रक्तगट कोणकोणते?

वर्षभर न वर झालेला हात वर झाला.
"बाई, उदाहरणच चुकलंय.
योकेचा रक्तगट काय कामाचा?
दात्याचा द्या ना!"

वर्ग हसला. या वेळी बाईंना.
बाईंनी डस्टर घेतलं,
'बी' पुसलं.
योके तशीच राहू दिली.

योरिंडे तास संपल्यावरही वाद घालत होती,
तिची ट्राम चुकली.

आज गुरुवार. चिठ्ठी आलीच, तीच पोटदुखी,
पण दुसऱ्या तासापुरती.
तिसऱ्याला हजर.
मी खूण केली,
पेन जरा जास्तच दाबून.