चार बोटं

सीडर रॅपिड्स, शाळेमागचं मैदान, मे मधला शनिवार.
अनयच्या बॉलचं आज काही खरं नाही :
एक जाळीला, एक कॅचरच्या डोक्यावरून,
एक थेट समोरच्या पोराच्या बरगडीत.
"खांदा," मी म्हणते.
"मनगट," डेल म्हणतो.

ह्रुस्का कोच (सत्तरीचे, गुडघ्याला पट्टा)
काहीच म्हणत नाहीत.
उंचवट्यावर जातात, कण्हत वाकतात
आणि मातीतला डाव्या बुटाचा ठसा वाचतात
माग काढणाऱ्यासारखा.
मग काडीने रेघ ओढतात,
रबरी पट्टीपासून होम प्लेटकडे, सरळ.
ठसा रेघेपलीकडे. चार बोटं.

"हात बिचारा काय करणार?
पाय आडवा पडला की कंबर अडते,
कंबर अडली की हात वळसा घालून येतो,
उशिरा."

पाऊल वाकडं पडलं,
साताऱ्यात हेच म्हणाले होते माझ्याबद्दल
मी डेलशी लग्न केलं तेव्हा.
मावशीने पत्रात खाली दोनदा रेघ मारली होती.
ती एवढीच रेघ.
किती बोटं, ते कुणी मोजलं नव्हतं.

अनय पुन्हा उभा. पाय उचलतो,
क्षणभर बगळा,
आणि टेकवतो रेघेवर, जेमतेम.
कॅचरला मोजा हलवावाच लागत नाही.
चामड्याचा तो आवाज!

पुढचा परत जाळीला.

कोच बुटाने रेघ पुसतात,
नवी ओढतात.
बाकाखाली मी माझे पाय
उगीच सरळ करून बघते.