उसना

पोळा होऊन आठ दिवस झाले.
पाणी उघडलं, आणि हवा जागची हलेना.
गिरणीत बॉयलर, बॉयलरमागं हौद,
हौदातून निघालेला वाफाळता धान
आम्ही पायांनी पसरतो फरशीवर.
भिंतीवरचा काटा अडतीस सांगतो.
भिंतीचं सांगतो तो. भिंतीला कुठं अंग असतं?

डोमाचा घाम नळासारखा.
दुपारपर्यंत त्याच्या काळ्या बनियनवर
मिठाची पांढरी रेघ, वैनगंगेसारखी वळणं घेत.
रात्री पोटरीत गोळे येतात,
बायको अंगठा ओढून धरते.
कौतिकाच्या मानेवर राईएवढ्या घामोळ्या;
ती धानापेक्षा पदराशीच जास्त भांडते.
माझं उलटंच.
बाराच्या सुमाराला हातावर काटा येतो,
थंडी वाजते, दातावर दात.
सांगितलं की हसतात.
मी सांगणं सोडलं.

आणि रेवता.
तिला घाम येतच नाही, जन्मापासून.
गाल आधी लाल, मग जांभळे,
मग बोलता बोलता ती मधेच थांबते,
मागून कोणी हाक मारल्यासारखी.

पटले मुकादम म्हणाला,
"सप्पायच्या पाठी वल्ल्या, इचीच कोरडी कशी?
घाम न गाळता कायची मजुरी?"
वीस रुपये कापले.
त्याचं तरी काय चुकलं म्हणा,
शाळेच्या भिंतीवरही हेच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पाहते,
तासातासाला ती टाकीकडे जाते.
गडवाभर पाणी पाठीत,
थोडं कपाळाला, थोडं काखेत,
जिथं जिथं आमचं भिजतं
नेमकं तिथंच, रांगोळी घालावी तसं.
मुकादम खूश. मजुरी पुरी.

"हे काय वो?" मी विचारलं.
"उसना," ती म्हणाली.
"तांदूळ उसना, घामबी उसना."
आणि तिचे गाल उतरले होते,
आणि ते वाक्य तिनं शेवटपर्यंत बोललं होतं.

काल बाराला माझ्या हातावर काटा आला.
तिनं पाहिला. हसली नाही.
मला टाकीमागं सावलीत बसवलं,
गडवा माझ्या मानेवर कलंडला.
दात वाजत होते माझे,
तरी मी नको म्हटलं नाही.

पलीकडून मुकादम ओरडला,
"कोन बसलं हाय तिकडं?"
आम्ही दोघी ओल्याचिंब उभ्या राहिलो.
त्यानं पाहिलं,
आणि काही कापलं नाही.