भोकाचं माप

शाळेतल्या बाई म्हणाल्या, गणिताच्या दिवशीच कसं दुखतं हिचं?
बायको म्हणाली, जंत.
मी काहीच म्हटलं नाही, मला भरती गाठायची होती.
मियाराय मात्र जेवण झालं की
गुडघे छातीशी घेऊन शेगडीमागच्या बाकावर पडायची,
तासाभराने उठून मांजरीशी खेळायची.
सगळं पोटात ठेवणारी पोर.

मग मंगळवारी रात्री ती हिरवं ओकली.
कोर्रालहून शेवटची फेरीबोट केव्हाच गेलेली.
शेजाऱ्याच्या होडीत, मासळीच्या पेट्यांमध्ये तिला निजवून
नदीने वर निघालो; वाल्दिव्हियाचे दिवे
येता येईनात.

डॉक्टर ओयार्सून, माझ्या धाकट्या बहिणीएवढी,
नखं मुळापासून कापलेली.
चिठ्ठीच्या पाठीवर तिने काढून दाखवलं:
आतड्यांना धरून ठेवणारा हा पडदा,
त्यात हे भोक, जन्माचंच.
आतडं कधी शिरायचं, कधी आपोआप निघायचं.
आज डोकं गेलं, अंग अडकलं.

मी त्या भोकाकडे बघत राहिलो.
बावीस वर्षं मी हेच माप विणतो आहे.
मासा आरपार गेला तर तोटा,
शिरलाच नाही तरी तोटा;
डोकं जाईल आणि कल्ले अडकतील
एवढंच भोक. त्यावर आमची चूल पेटते.
हे तिला सांगितलं नाही.

पोट फाडणार? एवढंच विचारलं.
नाही. बेंबीत एक, बाजूला दोन,
पेन्सिल जाईल एवढी छिद्रं.
वायू भरून पोटाचा तंबू करायचा,
आत दिवा सोडायचा.

दोन तास.
समोर एक म्हातारी स्वेटर विणत होती, टाके चुकवत होती.
मला दिसत होतं.

नंतर तिने चित्रफीत दाखवली:
ओलं, गुलाबी, दिव्याखाली चकाकणारं आतडं
दोन चिमट्यांनी, हातावर हात घेत,
दोर ओढावा तसं ती मागे घेते आहे.
घाई नाही. जांभळ्या भागाशी थांबते,
रंग परततो का बघते.
परतला.
मग सुई. टाका, टाका, आणखी एक.

गाठ कुठली? मी विचारलं.
ती हसली, मग हसायची थांबली.
मास्कची नाडी तोडून माझ्याच बोटावर मारून दाखवली.
ओळखीची निघाली. आम्ही एक वेढा जास्त देतो.

आता मियाराय दारात बसून
बेंबीवरची चिकटपट्टी दाखवायचं
एक बिस्कीट घेते, भावाकडूनसुद्धा.
जाळं माझ्या मांडीवर. माप तेच.
फक्त खालच्या कडेचं एक भोक काल मी बुजवून टाकलं.
बायकोने विचारलं, हे कशाला?
फाटलं होतं, म्हटलं.