प्रगतीपुस्तक

शंभर फुटी रस्त्यावर पाटी आहे :
‘काम प्रगतीपथावर आहे.’
तीन वर्षं झाली. पाटीखाली दर हिवाळ्यात
एक कुत्री विते,
आणि यांना व्यायामाला नेताना
रिक्षा तिथल्याच खड्ड्यात आदळते.
हे हसतात. डाव्या बाजूनं.

ऐन सीझनमध्ये झालं.
सौदा चालू, राजापुरी हळदीची रास पुढ्यात,
‘तेरा हजार’ म्हणायला यांनी तोंड उघडलं
आणि तेरा आलंच नाही.
नुसता आवाज आला, पोतं उसवावं तसा.
उजवा हात राशीत गेला
तो पिवळाच्या पिवळा दवाखान्यात पोचला.
नर्सनं तीनदा धुतला, तरी नखात राहिलीच.

डॉक्टर म्हणाले, शब्द आहेत आत,
वाट बुजलीय.
फाइलीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले.
शेजारच्या तस्नीमनं बोट ठेवून वाचले, चौथीतली पोर :
“प्रोग्रेस स्लो. म्हणजे प्रगती कमी, मावशी.
मला पण गणितात असंच येतंय.”

दुसऱ्या दिवशी तिनंच आडतीची जुनी चोपडी काढली,
मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या.
विद्यार्थ्याचे नाव : सुकुमार बाळगोंडा मगदूम.
इयत्ता : इथं पेन्सिल चावली थोडा वेळ,
मग लिहिलं, ‘नवीन’.

शेरे तिचेच.
‘पाण्याला पाणी म्हणाले. छान.’
‘खिडकीला म्हैस म्हणाले.’
‘मावशीला पोतं म्हणाले. दोनदा.
मावशीने ओ दिली.’

दिली. काय करणार.
अठ्ठावीस वर्षांत नावानं कुठं हाक मारली होती यांनी?
अहो, अगं, ऐकलं का, यावरच संसार झाला.
पोतं तर पोतं.
निदान माझ्याकडं बघून म्हणाले.

मग एका रात्री लाइट गेली.
अंधारात यांनी माझी करंगळी धरली, सोडली,
मग दोन बोटं, मग अख्खा पंजा.
मला वाटलं, दुखतंय काहीतरी.
हे चिडले. उशाचा टॉवेल ओढला,
आमच्या दोघांच्या हातांवर टाकला
आणि पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा कळलं.
मामंजींच्या काळात भाव असे ठरायचे,
रुमालाखाली, बोटांनी, कुणाला कळू न देता.
लग्नानंतर मी एकदा विचारलं होतं, कसं असतं ते,
तर मामंजी म्हणाले, तुला काय हळद विकायचीय?
हे तेव्हा खाली मान घालून जेवत होते.

आता शिकवत होते. डाव्या हातानं,
म्हणजे त्यांनाही नवंच.
मी चुकत होते. पंजा आणि एकला चार म्हणत होते.
हे बोट पुन्हा जागेवर ठेवत होते,
पोरीचा हात धरून पाटीवर गिरवावं तसं.
लाइट कधी आली, दोघांनाही कळलं नाही.

एक बोट पाणी. दोन बोटं, कूस बदल.
पंजा, भूक.
आणि तर्जनी धरून नुसतीच धरून ठेवली
तर त्याचा भाव मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी फाइल चाळली,
पुन्हा तेच दोन शब्द.
मी म्हटलं, असू दे.

काल तस्नीम पाढे म्हणत बसली होती.
तेराला आली.
तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट,
तेरा सक...
तेरा सक...
अडली. रडायच्या बेतात आली.
यांनी टॉवेल उचलला,
तिच्या इवल्या हातावर टाकला.
आत काहीतरी हललं.
पंजा आणि दोन. थांबून,
पंजा आणि तीन.

“अठ्ठ्याहत्तर!” पोर ओरडली.

यांचे ओठ हलले. ‘तेरा’ असेल,
नाहीतर पोतं असेल.
मी चहा टाकायला उठले होते,
नीट ऐकू आलं नाही.