जर्दाळू

पाकीट न्यू जर्सीहून आलं,
मावसभाऊ विल्बेर्तच्या बुटात कोंबलेलं.
आईची चिठ्ठी नव्हती. नुसतं पाकीट,
आणि त्याच्यावर, इंग्रजीत, आमच्या टेकडीचं नाव.
हीच टेकडी. खालच्या वळणाला
बाबांची मोटारसायकल दर जानेवारीत बंद पडते, तीच.

किंमत मी सांगणार नव्हते.
त्यांनी विचारली.
मग बोटांवर हिशेब केला: तोडणीच्या नऊ टोपल्या,
म्हणजे उजाडल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
"एवढ्याशाला?" म्हणाले, आणि पाकीट उलटं करून पाहिलं,
तळाशी एखादी टोपली चिकटून राहिली असेल तर.

आमच्याकडे उरते ती फुटकी बी, किडकी बी,
पाण्यावर तरंगते ती.
चांगली ट्रकमध्ये बसते.
घरची आम्ही काळी होईतो भाजतो,
गुळाचा खडा टाकतो,
आणि कुणाची काही तक्रार नसते.

पहिल्या दिवशी मी घाई केली.
मक्याच्या चक्कीत दळली, मक्याचा वास आला.
खळखळतं आधण तसंच ओतलं.
कडूजहर.
बाबा काही बोलले नाहीत. गूळ घातला, दोनदा.

दुसऱ्या दिवशी चक्कीतून आधी मूठभर तांदूळ फिरवले,
भरड दळली. पाणी भसकन खाली.
"पाय धुतल्यासारखी," हे त्यांचं मत.

रात्री आईचा फोन.
ती ज्या दुकानाची फरशी पुसते
तिथली पोरं काट्यावर तोलून कॉफी करतात,
आणि ती फडकं पिळता पिळता बघते.
"आधी थोडंसंच पाणी घाल, योर्लेनी.
भिजू दे. फुगेल, मग बसेल.
तोवर हात आवर."
किती वेळ?
"दोनदा 'नमो मारिया' म्हण. सावकाश. तू फार पटपट म्हणतेस."
मग जरा थांबून,
"पिशवी साबणानं धुतली नाहीस ना?"

धुतली होती.

तिसऱ्या दिवशी नवी पिशवी शिवली,
उकळून घेतली, लाकडी घोडीच्या कडीत अडकवली.
खाली आईचा निळा, कान तुटलेला मग.
बाबा चुलीकडे पाठ करून बसले होते.
"अजून नाही," म्हणाले.
"आधण अजून बडबडतंय. गप्प झालं की ओत."
ते गप्प झालं.
दोनदा नमो मारिया.
भुकटी खरंच फुगली, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी,
आणि हळूच बसली.
मग बारीक धार, मधोमध, मग जरा बाहेर,
आणि ठिबकणं,
जे मी ऐकत होते आणि बाबा मोजत होते.

पाकिटावर चवी लिहिल्या होत्या. मी वाचून दाखवल्या:
जाई, मध, जर्दाळू.
"जर्दाळू काय असतं?"
"फळ."
"तू खाल्लंयस?"
"नाही."
"मग मिळालं तरी ओळखणार कसं?"

त्यांनी घोट घेतला. गुळाचा खडा हातातच होता,
तो तिथंच राहिला, चिकट होत.
दुसरा घोट.
"दहा वर्षांचा होतो," म्हणाले, "तोडताना लाल फळ चोखायचो,
मुकादमाची पाठ फिरली की.
बी टोपलीत थुंकायची. बी मालकाची.
गोडी तोंडात राहायची, तिचा हिशेब कुणी मागायचं नाही."
मग त्यांनी मगात पाहिलं.
"ती बीतही होती तर."

रविवारी फोन त्यांनीच घेतला.
आईनं विचारलं असावं, लागली का जर्दाळूची चव.
"एक पाठव," म्हणाले. "खात्री करायला."
तिकडून ती काहीतरी बोलली,
वाटेत नासेल, बहुतेक.
ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले,
फोन खांद्यानं दाबून,
अंगठ्यानं पिशवीचा गाळ झाडत.

साबण लावला नाही.
खिळ्याला टांगली आहे, वाळते आहे.
पाकिटात आणखी आठ सकाळी आहेत.
मी विचारलं नव्हतं,
बाबांनीच सांगितलं.